रॅमचे भाव आणि उरलेले शनिवार

दादा, नमस्कार.
मी इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. नोकरीला लागून दीड वर्ष झालं. माझा गेमिंगचा कॉम्प्युटर २०२० च्या दिवाळीत जोडलेला आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. विंडोज १० आहे २४० जीबीच्या एसएसडीवर आणि गेम सगळे जुन्या हार्ड डिस्कवर. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा. शनिवारी रात्री मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीनं खेळतो. हल्ली ‘सायबरपंक २०७७’ अडकत अडकत चालतो आणि ‘डूम : द डार्क एजेस’ उघडतच नाही. ४५,००० रुपये साठवले आहेत. मित्र म्हणतात, “भिया, सगळंच बदलून टाक, रॅम अजून महागणार.” शिवाय विंडोज ११ जुन्यावर चालणार नाही असंही सांगतात. आतेभाऊ म्हणतो, जीटीए ६ हा गेम येईपर्यंत थांब. दुकानात पूर्ण नव्या सेटचे १,१५,००० सांगितले आणि उरलेल्या रकमेचे हप्ते करून देतो म्हणाले. बाबांचं म्हणणं, चालू वस्तू कशाला बदलायची? भाऊ ऑगस्टमध्ये पुण्याला शिकायला जाणार आहे. आता घेऊ की थांबू?
– एक वाचक, इंदूर

मित्रा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना प्रोसेसर आणि कार्डाच्या नावांवर लक्ष होतं. दुसऱ्यांदा वाचताना भावाच्या वाक्यापाशी थांबलो. त्या वाक्याकडे मी शेवटी येईन, कारण माझ्या उत्तरातली तारीख तिथूनच ठरली आहे.

आधी दुकानातल्या १,१५,००० चं बोलू. ते घेऊ नकोस. साठवलेले ४५,००० देऊन वर ७०,००० चे हप्ते, आणि तेही नोकरीच्या दुसऱ्या वर्षात, हे मला मुळीच पटत नाही. पण हप्ते नसते, सगळी रक्कम हातात असती, तरी आज मी तुला पूर्ण नवा सेट घेऊ दिला नसता. नवा सेट म्हणजे नवा सॉकेट, बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. तुझ्या प्रोसेसरच्या कंपनीचा हल्लीचा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. म्हणजे जी वस्तू आज बाजारात सगळ्यात जास्त तापली आहे, तीच तुला नव्यानं आणि पूर्ण घ्यावी लागेल. तुझ्याकडची डीडीआर४ त्यात बसणारच नाही.

रॅम एवढी का महागली, हे समजून घे, म्हणजे “अजून महागणार” या धास्तीला किती भीक घालायची ते तुला ठरवता येईल. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिपा, तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरमधल्या चिपांना जी खास जलद मेमरी लागते, तीही हेच तिघं बनवतात. ती बनवायला सिलिकॉनच्या चकत्या जास्त खर्ची पडतात आणि पैसाही तिच्यातच जास्त आहे. कारखाने तिकडे वळले, तेव्हा आपल्यासारख्यांच्या वाट्याचा माल आटला. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं क्रुशियल हा आपला जवळपास तीस वर्षं जुना ब्रँड घरगुती ग्राहकांसाठी बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२५ च्या उन्हाळ्यात डीडीआर५ चा जो भाव होता, तो वर्ष संपेपर्यंत दुपटीच्या पुढे गेला. तेव्हा तुझे मित्र महागाईबद्दल खोटं बोलत नाहीत.

त्यांचं चुकतं ते पुढच्या पायरीवर. एखादी वस्तू महागते आहे म्हणून ती आजच घ्यावी, हे तेव्हाच खरं जेव्हा ती वस्तू तुला लागणारच आहे. तुला डीडीआर५ लागत नाही. भावांची अशी लाट याआधीही आली होती. २०१७ आणि २०१८ मध्ये रॅम चढी होती, २०१९ मध्ये उतरली. ग्राफिक्स कार्डं २०२१ मध्ये दुप्पट भावानं जात होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनानं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून चलन कमावणं, बंद केलं आणि वापरलेल्या कार्डांचे ढीग बाजारात आले. भाव उतरतात, पण उतरायला वर्षं लागतात. तुझ्या सॉकेटवर ती वर्षं आरामात काढता येतील.

आता तुझ्या मशीनकडे वळू. तुझ्या पत्रातल्या दोन तक्रारी तू एकाच वाक्यात लिहिल्यास, पण त्यांची दुखणी वेगळी आहेत.

सायबरपंक अडकतो, हे कार्डाचं दुखणं नाही. हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा हार्ड डिस्कवर चालायचा. २०२३ मध्ये त्याच्या कंपनीनं किमान गरजा नव्यानं जाहीर केल्या : १२ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे चिपांची जलद डिस्क. हार्ड डिस्क सरळ यादीतून काढली. कार्ड मात्र किमान जीटीएक्स १०६० चं ठेवलं, आणि तुझं १६६० सुपर त्याहून चांगलंच पुढे आहे. म्हणजे कार्ड पास, रॅम नापास, डिस्क नापास. गाडी चालवताना पुढचा रस्ता हार्ड डिस्कवरून उचलून आणायला वेळ लागतो, आणला तरी ८ जीबीत ठेवायला जागा नसते, मग विंडोज उरलेलं डिस्कवर ढकलतं. तू ज्याला अडकणं म्हणतोस ते हेच. या मशीनमध्ये उद्या कितीही भारी कार्ड घातलंस तरी ते अडकणं जाणार नाही, आणि पैसे घालूनही तसंच का चालतंय म्हणून तू मलाच पत्र लिहिशील.

डूमचं वेगळं आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या त्या गेमला प्रकाशाचे किरण मोजणारं हार्डवेअर, म्हणजे रे ट्रेसिंग, कार्डातच लागतं. डिसेंबर २०२४ च्या इंडियाना जोन्सच्या गेमलाही तेच लागतं. १६६० सुपरमध्ये ते नाहीच. सेटिंग कितीही खाली आणलंस तरी उपयोग नाही. हे मात्र कार्डाचं दुखणं, आणि कार्ड बदलल्याशिवाय ते बरं होणार नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः तपासून बघ. त्याला एक पैसाही लागत नाही. आधी केसचं झाकण उघडून धूळ काढ. ब्रश घे, ब्लोअर असेल तर तो लांबून मार, आणि पंखे बोटानं धरून ठेव, गरगरू देऊ नकोस. पाच वर्षांत प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, बदलला नसशील तर तोही बदल. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. माळव्यातल्या रात्री गार असतात म्हणतात ते खरं, पण बंद खोलीत कॉम्प्युटरच्या मागे ती गार हवा पोचत नाही. कोंदलेलं मशीन उन्हाळ्यात स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं आणि माणूस समजतो की जुनं झालं.

साफ झाल्यावर सायबरपंक लाव आणि शहरातल्या गर्दीच्या एका रस्त्यानं दोन मिनिटं गाडी चालव. फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, आणि कार्डाचा वापर किती टक्के आहे ते लिहून घे. मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आण, त्याच रस्त्यानं परत जा. आकडा बराच वाढला तर कार्डावर ताण होता. तिथंच राहिला तर ताण दुसरीकडे आहे. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती भरली आहे आणि हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर आहे का ते बघ. माझा अंदाज मी वर सांगितला आहे. तुझे आकडे वेगळे आले तर आकड्यांचं ऐक.

आणखी एक, हेही फुकटच. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी नावाची सेटिंग चालू आहे का बघ. पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅमसुद्धा ती सेटिंग बंद असेल तर २१३३ किंवा २४०० वर चालते, आणि रायझनला रॅमचा वेग फार लागतो. मी लोकांच्या घरी कॉम्प्युटर बघतो तेव्हा ही सेटिंग वर्षानुवर्षं बंदच सापडते.

यानंतर मी तुला दोन वस्तू घ्यायला सांगेन, त्याही याच आठवड्यात. एक, ८ जीबीची दुसरी डीडीआर४ स्टिक. भाव चढे असले तरीही. तुझ्याकडे एकच स्टिक असल्यामुळे प्रोसेसर आणि रॅममधला अर्धा रस्ता पाच वर्षं बंद पडून आहे. दुसरी घातलीस की जागा दुप्पट होते आणि दोन्ही बाजूंनी वाहतूक सुरू होते. जुन्या स्टिकवरचा वेग बघून त्याच वेगाची घे. चार खाचा असतील तर कुठल्या दोनमध्ये लावायच्या ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघ, बहुतेकदा दुसरी आणि चौथी. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानं फिरलास तर वापरलेली स्टिकही मिळेल, आणि रॅमच्या बाबतीत वापरलेली घ्यायला मी घाबरत नाही. रॅममध्ये झिजणारं काही नसतं. फक्त दुकानदाराकडून आठवडाभरात बदलून द्यायचं कबूल करून घे, पावतीवर लिहून घे, आणि पहिल्या रात्री मेमटेस्ट८६ लावून झोप. सकाळी एकही चूक दाखवली तर परत कर.

दोन, १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी, एसएसडी. बी४५० वर तिची जागा असते. पीसीआयई ३ ची, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या जुन्या वेगाची, साधी चालेल, जास्त वेगाचीला पैसे देऊ नकोस, तुझा बोर्ड तो वेग वापरूच शकत नाही. ही मात्र नवी घे. रॅमसारखं तिचं नसतं, ती लिहून लिहून झिजते.

विंडोजच्या नावानं तुला कुणी घाबरवलं असेल तर ते मनातून काढ. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. पण तुझा ३६०० विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आहे. बायोसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू कर आणि ११ घाल, नवी एसएसडी लावतोच आहेस तर त्याच वेळी. बायोस अपडेट करावा लागला तर यूपीएसवर मशीन असतानाच कर. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

एवढं झाल्यावर दोन-तीन शनिवार खेळा. मग कार्डाचा विचार.

कार्डाबद्दल मी तुला थांब म्हणणार नाही. कारण थांबून काय मिळेल, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि ठोस उत्तर सापडलं नाही. कार्डावरची मेमरीही त्याच तीन कंपन्यांकडून येते. नवे कारखाने उभे राहायला वर्षं लागतात. पुढच्या दोन-चार महिन्यांत कार्डं स्वस्त होतील अशी तारीख कुणी देऊ शकत नाही, आणि तारीख नसलेल्या गोष्टीसाठी तुझे शनिवार मी अडकवून ठेवणार नाही.

कुठलं घ्यायचं ते तुझ्या बोर्डाकडे बघून ठरव. तो पीसीआयई ३ चा आहे. आरटीएक्स ५०६० सारखी कार्डं बोर्डाशी फक्त आठ लेननं, म्हणजे आठ पदरी रस्त्यानं, बोलतात. नव्या बोर्डावर ते खपून जातं. तुझ्या बोर्डावर मात्र कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की उरलेलं या अरुंद रस्त्यानं ये-जा करायला लागतं, आणि आज हार्ड डिस्कमुळे जे भोगतो आहेस तेच वेगळ्या रूपात परत येतं. म्हणून माझी पसंती जून २०२५ मध्ये आलेल्या आरएक्स ९०६० एक्सटीच्या १६ जीबीच्या कार्डाला. ते सोळा लेननं बोलतं आणि १६० वॉटच्या आसपास वीज घेतं. रॅम आणि एसएसडीनंतर उरलेल्या पैशात ते बसलं नाही, तर दोन पगार थांब, ८ जीबीचं घेऊन मोकळा होऊ नकोस. हे दोन महिने मात्र मला मान्य आहेत, कारण किती पैसे कमी आहेत आणि ते कधी येतील, दोन्ही तुला माहीत आहे.

वापरलेलं घ्यायचं मन असेल तर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बघ. रे ट्रेसिंग त्यात आहे. पण ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, ऐन मायनिंगच्या काळात आलेलं. दुकानातच अर्धा तास जड गेम लावून ताप किती चढतो ते बघ, पंख्याचा आवाज ऐक, सिरियल नंबरवरून वॉरंटी उरली आहे का विचार. हे करू देत नसतील तर उठून ये. कार्ड कुठलंही घे, त्याबरोबर पॉवर सप्लाय मात्र बदल, चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा घे. पाच उन्हाळे काढलेल्या सप्लायवर नवं कार्ड लटकवणं मला पाहवत नाही.

प्रोसेसरला आज हात लावू नकोस. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला सेकंदाला ६० चित्रंच दाखवता येतात आणि ३६०० तेवढी बहुतेक गेममध्ये देतो. पुढे कमी वाटला तर याच बोर्डावर बायोस अपडेट करून ५६०० किंवा ५७००एक्स बसेल. २०१६ मध्ये आलेला एएम४ सॉकेट इतकी वर्षं साथ देतो आहे. तो एवढ्यात सोडू नकोस.

आतेभावाला सांग, जीटीए ६ साठी थांबायला माझी हरकत नाही, पण कशासाठी थांबतो आहोत ते नीट बघू. १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजची आहे. कॉम्प्युटरसाठीची तारीख कंपनीनं दिलेली नाही. मागचा जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि कॉम्प्युटरवर एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे १९ महिन्यांनी. त्याच कंपनीच्या रेड डेड रिडेम्प्शन २ ला वर्षाहून थोडा जास्त वेळ लागला. या वेळीही तसंच झालं तर तो गेम तुझ्या टेबलावर येईपर्यंत २०२७ संपत आलेलं किंवा २०२८ उजाडलेलं असेल. त्या गेमला काय लागेल हे आज कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याच्यासाठी आज घेतलेली वस्तू तोवर दोन वर्षं जुनी झालेली असेल.

आता तुझ्या भावाकडे येतो.

रामबागेत आमचा चौघांचा कंपू होता. जुनं मशीन माझ्या घरी, बाकी तिघं सायकलीवर यायचे. २०१६ पासून मी कार्ड बदलायचं म्हणत होतो, आणि दर वर्षी कुणीतरी सांगायचं की पुढच्या वर्षी नवं येतंय, जुनं स्वस्त होईल. ते खरंही असायचं. मी पाच वर्षं थांबलो. एकेक जण गेला, दोघं पुण्याला, एक बंगळुरूला. शेवटी २०२१ मध्ये घेतलं तेव्हा भाव दुप्पट होता, आणि ते पैसे गेल्याचं मला वाईट वाटलं, पण ते काही महिन्यांत विसरलो. विसरलो नाही ते पहिल्या रात्रीचं. गेम सुंदर चालत होता, आई आत झोपली होती, आणि शेजारच्या खुर्चीत कुणी नव्हतं.

म्हणून तुझ्या पत्रातला ऑगस्ट मला बाजारातल्या सगळ्या भावांपेक्षा मोठा वाटतो. आता फेब्रुवारी आहे. मध्ये त्याच्या परीक्षा आहेत, त्या दिवसांत मशीन बंदच ठेवा, तिथं मी बाबांच्या बाजूनं आहे. परीक्षा सोडल्या तर तुमच्याकडे वीसेक शनिवार उरतात. रॅम आणि एसएसडी आत्ता घेतलीस तर त्यातले सगळे चांगले जातील. कार्ड मेपर्यंत आलं तर सुट्टीतले सगळे त्याच्या वाट्याला येतील.

बाबांशी बोलताना “सगळे घेतायत” असं म्हणू नकोस. त्यांना तपासणीचे आकडे दाखव. सांग की १,१५,००० चा सेट मी नाकारला, हप्ते नाकारले, जुना बोर्ड, प्रोसेसर, मॉनिटर ठेवतो आहे, आणि जे नापास झालं तेवढंच बदलतो आहे. चालू वस्तू बदलू नये हे त्यांचं म्हणणं तू पाळतोच आहेस, हे त्यांच्या लक्षात येईल. भावाला शिकण्यासाठी लॅपटॉप लागणार असेल आणि त्यात तुझा वाटा ठरला असेल, तर तो आधी बाजूला काढ आणि कार्ड त्यातून उरलं तर घे. रॅम आणि एसएसडी तरीही घेच.

१६६० सुपर लगेच विकू नकोस. नव्या कार्डाला पहिला उन्हाळा काढू दे, तोवर जुनं त्याच्या खोक्यात कपाटात ठेव. आणि शनिवारी ती ७२०पी ची चाचणी करशील तेव्हा गाडी भावाला चालवू दे, तू आकडे लिहून घे. दोन्ही आकडे मला कळव.

– तुझा,
दादा